नागपूर कराराचा हिशेब सभागृहात मांडा : महाराष्ट्राच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद,
हिवाळी अधिवेशन, नागपूर

स.न.वि.वि.

मी वणी तालुक्यातला कास्तकार आहे. नोकरीची सगळी वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, आता वावर पाहतो. हे पत्र कोणत्याही पक्षाच्या वतीने लिहिलेले नाही.

आपण डिसेंबरात नागपूरला येता. तेवढे दिवस विधानभवनाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, मोर्चे निघतात, यशवंत स्टेडियमवर मंडप पडतात. आपल्यापैकी बरेच सदस्य पहिल्यांदाच निवडून आले आहेत. हे अधिवेशन नागपूरला का भरते, असे त्यांना विचारले तर उपराजधानी आहे म्हणून, असे उत्तर येईल. खरे कारण त्याच्या आधीचे आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. तोच नागपूर करार. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे ही त्यावरची काही नावे. राज्याचे सरकार ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला येईल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे होईल, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आपण नागपूरला येता ते त्या करारातल्या एका कलमाचे पालन म्हणून. माझे म्हणणे बाकीच्या कलमांबद्दल आहे.

विकासाच्या आणि कारभाराच्या दृष्टीने महाविदर्भ (म्हणजे वऱ्हाड आणि नागपूरकडचे मराठी जिल्हे), मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक कायम राहतील, असे करारात आहे. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाडा मागास असल्याने त्याच्याकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येईल. मंत्रिमंडळात, सरकारी नोकऱ्यांत, तांत्रिक शिक्षणाच्या जागांत तिन्ही घटकांना योग्य वाटा मिळेल. उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ नागपूरला राहील. इमारत उभी राहू शकते आणि अधिवेशन भरू शकते, त्यामुळे ती दोन कलमे डोळ्यांना दिसतात आणि पाळली गेली. खर्चाचे कलम मात्र हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचे होते.

त्या काळच्या माणसांना लेखी शब्द का हवा होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. देश नुकताच मोकळा झाला होता. इंग्रजांनी सोडलेल्या सीमा भाषेच्या नव्हत्या, त्यांच्या लढायांच्या आणि सोयीच्या होत्या. आमचा वऱ्हाड निजामाचा. इंग्रजांनी १८५३ मध्ये तो ताब्यात घेतला, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर लिहून घेतला आणि मध्य प्रांताला जोडला. नागपूरकडचा भाग भोसल्यांचा, त्याआधी गोंड राजांचा. हे सगळे महाकोशलच्या हिंदी मुलखाबरोबर एका प्रांतात होते, आणि नागपूर १९५६ पर्यंत त्या मोठ्या राज्याची राजधानी होती. मराठी जिल्ह्यांचा महसूल हिंदी भागावर खर्च होतो, ही तक्रार आमच्या आजोबांच्या पिढीची. प्रांतिक विधिमंडळाने १९३८ मध्येच महाविदर्भाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव केला होता. तेव्हा वेगळे व्हायचे होते ते हिंदी मुलखापासून.

मग स्वातंत्र्य आले आणि प्रश्न बदलला. मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचे एक राज्य करायचे, तर त्यात मुंबई-पुण्याच्या वजनापुढे आपला निभाव लागेल का? ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा असताना, अकोल्यात पहिला करार झाला. एका राज्यात दोन उपप्रांत, दोघांची वेगळी विधिमंडळे, असा त्याचा आराखडा होता. तो कागदावरच राहिला. १९४८ मध्ये दार आयोगाने आणि पुढच्याच वर्षी नेहरू, पटेल, पट्टाभि यांच्या समितीने भाषावार प्रांतांना तूर्त नकार दिला. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, त्यामुळे तो नकार मला समजतो. पण १५ डिसेंबर १९५२ रोजी वेगळ्या तेलुगू राज्यासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू मरण पावले, तेलुगू मुलूख पेटला, आणि १९५३ च्या १ ऑक्टोबरला आंध्र राज्य करावे लागले. त्याच्या अगदी आधी, तीन दिवस आधी, नागपूर करारावर सह्या झाल्या आहेत. घाई होती, भीती होती, आणि एकमेकांना सोबत घेण्याची खरी इच्छाही होती. तो कागद वाचताना मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो. भीती नाकारून ती जात नाही, तिची सोय लिहून द्यावी लागते, हे त्यांना उमगले होते.

यानंतर राज्यांची पुनर्रचना सुचवणारा फाझल अली आयोग आला. न्यायमूर्ती फाझल अली, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्यांनी आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये करावीत असे मांडले. एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, हा त्यांचा विचार. या दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही गुजरातीभाषकांसह द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी गोळ्या झेलल्या. त्यांच्या रक्ताचा मान राखूनच मी पुढचे लिहितो आहे.

फाझल अली आयोगाच्या त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, ती आमच्या तालुक्यातून फार लांबची नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तीच काळी माती, तीच कापसाची पऱ्हाटी, लग्नसंबंधसुद्धा इकडचे तिकडे. आयोगाने सांगितले होते की तेलंगणाचे राज्य सध्या वेगळे ठेवा, आणि १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर त्यांच्या विधिमंडळाने दोन तृतीयांश बहुमताने ठरवले तरच आंध्रात विलीन करा. तेही ऐकले गेले नाही. त्याऐवजी फेब्रुवारी १९५६ मध्ये दोन्हीकडच्या पुढाऱ्यांत करार झाला. तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च होईल, नोकऱ्यांत स्थानिकांचे संरक्षण राहील, प्रादेशिक समिती असेल, मुख्यमंत्री एका भागाचा असला तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असेल. आम्ही मुंबई राज्यात गेलो त्याच दिवशी ते आंध्र प्रदेशात गेले.

उपमुख्यमंत्रिपदाचे वचन पहिल्याच मंत्रिमंडळात मोडले. शिल्लक महसुलाचा वाद वाढत गेला. १९६९ मध्ये तिथली तरुण मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळीबारात कित्येक मेली. त्यानंतर सूत्रे बदलली, समित्या बदलल्या, पण हिशेबावरचा विश्वास परत आला नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. दोन्ही बाजूंची भाषा एकच होती, तेलुगू. एक भाषा असली की मन जुळतेच असे जे आपल्याकडे गृहीत धरले जाते, त्याचे उत्तर आमच्या नदीपलीकडेच आहे.

मी वर्गात मलेशियाचेही उदाहरण द्यायचो. ९ जुलै १९६३ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि १६ सप्टेंबरला मलाया, सिंगापूर, सबाह, सारावाक मिळून नवे संघराज्य जन्माला आले. मलय, चिनी, बोर्निओतले मूळ रहिवासी, प्रत्येकाची भीती वेगळी होती. बोर्निओच्या लोकांना क्वालालंपूरची भीती, मलयांना सिंगापूरच्या चिनी बहुसंख्येची. १९६४ मध्ये सिंगापुरात दंगली झाल्या, आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी, दोन वर्षेही पुरी व्हायच्या आत, सिंगापूर संघराज्याबाहेर पडले. माझे लक्ष मात्र सबाहकडे असायचे, कारण त्याची गोष्ट आमच्यासारखी आहे. सबाहमधून मिळणाऱ्या वाढीव महसुलातला ४० टक्के वाटा सबाहला परत द्यायचा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घ्यायचा, हे तिथल्या राज्यघटनेत लिहिले गेले. १९७४ नंतर तो आढावा जवळजवळ पन्नास वर्षे झाला नाही. सबाह फुटून गेले नाही, या प्रश्नावरून तिथे बंदुका चालल्या नाहीत. पण तिथल्या प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक भाषणात त्या ४० टक्क्यांचा विषय आहे. लिहिलेला शब्द मोडला तरी लोक विसरत नाहीत.

पाकिस्तानबद्दल एवढेच. पूर्वेकडच्या बंगाल्यांची संख्या जास्त, ताग विकून परकी चलन आणणारे ते, आणि १९५५ मध्ये पश्चिमेकडचे सगळे प्रांत एकत्र करून त्यांची संख्या निष्प्रभ केली गेली. १९७१ साली काय झाले ते सांगायला नको. विदर्भाची तुलना मी बांगलादेशाशी करत नाही. आमच्यावर कोणी रणगाडे घातले नाहीत. आमचे दुखणे मंद आहे.

आता आमच्या कराराचे काय झाले ते पाहू. त्याचा गाभा १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, विकासखर्चाचे न्याय्य वाटप, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. पण राष्ट्रपतींनी तसा आदेश काढला तर. तो आदेश निघायला १९९४ उजाडले. अडतीस वर्षे. मधल्या काळात प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजला. राज्याच्या सरासरीच्या मागे राहिलेल्या भागांचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींच्या वर, म्हणजे शंभरातले ३९ रुपये. मंडळे आली, राज्यपालांचे निर्देश आले, काही वर्षे निदान आकडे तरी छापून येत. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. करोनाचा काळ होता, फारसे कोणी बोलले नाही. २०२० आणि २०२१ चे हिवाळी अधिवेशनही मुंबईतच झाले. मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. निर्णय आणि मंडळ यांत किती अंतर असते, ते सिंचनाच्या कामांवरून आम्हाला ठाऊक आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी. आज तो आकडा कित्येक हजार कोटींत गेला आहे, आणि अडीच लाख हेक्टरांचे सिंचन पूर्ण झालेले नाही.

एवढ्या मोठ्या धरणाचे राहू द्या. आमच्या शिवारातून कालव्याची एक पाटचारी जाते. माझ्या शेजाऱ्याच्या वावराचे तिने दोन तुकडे केले. खोदली, सिमेंटचे अस्तर लागले, फलक लागला. पाणी आले नाही. अस्तराच्या जोडांत बाभळी उगवल्या आहेत, तळाशी गाळ आणि बेशरमाची झुडपे. रानडुकरांना तिचा आयता रस्ता झाला आहे. रात्री त्यातून येतात आणि तुरीत शिरतात. दोन तुकड्यांमध्ये जायला साधी मोरी नाही, म्हणून शेजारी बैलगाडी पार गावठाणाकडून फिरवून नेतो. वाढीव मोबदल्याचा कागद वर गेला आहे असे त्याला सांगतात. वर म्हणजे मुंबई. एकदा तो वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने गेला, सकाळी मुंबईत उतरला, एका कार्यालयाबाहेर संध्याकाळपर्यंत बसला, साहेब बैठकीत होते, आणि रात्रीच्याच गाडीने परत आला. कापूस वेचणीचे दिवस होते. संयुक्त राज्य म्हणजे काय, हे त्याला कोणत्या शब्दांत समजावून सांगायचे ते मला सांगा.

याचा दोष एकट्या पश्चिम महाराष्ट्रावर टाकणे मला पटत नाही, आणि तसे करणाऱ्यांशी मी गावात वाद घालतो. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. सुधाकरराव नाईक पुसदचेच, देवेंद्र फडणवीस नागपूरचे. मुख्यमंत्री आमचा होता तेव्हाही वार्षिक अहवाल आपसूक सभागृहात आला नाही. म्हणून मला आता माणसावर विसंबायचे नाही. आपल्या २८८ आमदारांच्या विधानसभेत विदर्भाचे ६२ आहेत. त्यांनी कितीही जोर लावला तरी मत त्यांच्या बाजूने वळवण्यासाठी उरलेल्यांची साथ लागणारच. करार याचसाठी असतो. कमी संख्येच्या घटकाला रोज बहुमत मागायला लागू नये म्हणून.

वेगळ्या विदर्भासाठी लढणाऱ्या मित्रांनाही याच पत्रातून एक सांगतो. लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीचे. १९६२ मध्ये नागपूरने त्यांना विदर्भाच्या प्रश्नावर लोकसभेत पाठवले. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे लोकसभेत गेले. त्यांच्या मागे उभे राहिलेले लोक खरे होते. ही मागणी म्हणजे नागपूरच्या हिंदी व्यापाऱ्यांचे खूळ आहे, असे म्हणून ती उडवली जायची, तेही खोटे होते. पण विदर्भ म्हणजे फक्त कापसाचा आणि संत्र्यांचा मराठी मुलूख नाही. गडचिरोलीत माडिया आहेत, मेळघाटात कोरकू, आमच्याकडे कोलाम आणि गोंड, सिरोंच्याला तेलुगू बोलणारे. ज्या नागपूर शहरावरून आपण भांडतो ते वसवले देवगडच्या बख्त बुलंद शाहने, गोंड राजाने. नव्या सीमा आखताना गोंड समाज मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि आंध्र यांत वाटला गेला, पुढे छत्तीसगड आणि तेलंगण आणखी झाले. त्याला कोणी विचारले नाही, त्याच्याशी कोणी करार केला नाही. फाझल अली आयोगापुढे मुंबईबद्दल आपली जी भीती होती, तीच भीती उद्या गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसाला नागपूरबद्दल वाटणार असेल, तर त्याला आजच काय लिहून देणार?

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात चौदा गावे आहेत. महाराष्ट्र त्यांना आपली म्हणतो, तेलंगणही म्हणतो. तिथल्या घरांत दोन रेशनकार्डे निघतात, दोन्ही राज्यांची. मतदान दोन्हीकडे, सरपंच दोन, शाळा दोन. दोन सरकारे असूनही बऱ्याच जणांच्या नावावर कसलेल्या जमिनीचा पट्टा नाही. नागपूर करारात सीमा ठरवताना गाव हा घटक धरावा, असे कलम आहे. ते कलम लिहिणाऱ्यांना गाव दिसत होते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाने तर दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणाच दिली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला. हे राज्य तोडून झाले नाही. कागदावरचा हक्क कागदावरून जमिनीवर आणून झाले.

मी वेगळ्या विदर्भाचा कार्यकर्ता नाही. मला महाराष्ट्रात राहायचे आहे, कराराच्या अटींवर. एका चुलीवर जेवणारे भाऊसुद्धा बी-बियाण्याचा खर्च वहीत लिहितात, आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही. हिशेब मागितला की फुटीरपणाचा शिक्का मारायचा, ही सवय आपण सोडावी एवढी विनंती करतो.

आपल्याकडून या अधिवेशनात तीन कामे व्हावीत. विकास मंडळांसाठी मुदत न घातलेला आदेश काढावा, अशी राष्ट्रपतींना विनंती करणारा ठराव दोन्ही सभागृहांनी करावा. दर पाच वर्षांनी मुदतवाढीसाठी दारात उभे राहण्याची पाळी पुन्हा नको. दुसरे, तिन्ही विभागांच्या मंजूर निधीचा, प्रत्यक्ष दिलेल्या निधीचा आणि खर्चाचा तक्ता दर हिवाळी अधिवेशनात पहिल्या दिवशी पटलावर ठेवावा आणि त्यावर किमान दोन पूर्ण दिवस चर्चा व्हावी. तो तालुकावार असावा. विदर्भाची सरासरी काढली की नागपूर शहरामागे भामरागड आणि धारणीसारखे तालुके झाकले जातात, तसेच मराठवाड्याच्या आणि कोकणाच्या तालुक्यांचे होते. तिसरे, आपण सह्याद्रीपलीकडून इतक्या लांब येताच, तर आठवड्या-दोन आठवड्यांत परत जाऊ नका. सरकार ठरावीक काळासाठी नागपूरला येईल असे करारात आहे, तर तो काळ ठरवा आणि त्या काळात सचिवांसह कार्यालये नागपुरात उघडी ठेवा, म्हणजे शेजाऱ्याला त्याच्या कागदासाठी एका दिवसात जाऊन येता येईल.

यातले काहीच या वेळी जमणार नसेल, तर निदान एका सदस्याने लेखी प्रश्न टाकावा. ३० एप्रिल २०२० पासून आजपर्यंत कलम ३७१ (२) खाली विधानसभेपुढे किती वार्षिक अहवाल आले, आणि या काळात तिन्ही विभागांना प्रत्यक्ष किती निधी मिळाला? उत्तर छापील येते. २६ जानेवारीला आमच्या गावात ग्रामसभा असते. सरपंचांशी बोललो आहे, ते उत्तर आम्ही तिथे वाचून दाखवू आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

आपला,
एक कास्तकार व निवृत्त शिक्षक
ता. वणी, जि. यवतमाळ